मदतीची तारीख



दुष्काळात शेतकऱ्याला मिळणाऱ्या मदतीविषयी आज मला बोलायचे आहे. या विषयावरची आपली चर्चा बहुधा रकमेभोवती फिरते: हेक्टरी किती रुपये, किती हेक्टरपर्यंत, किती तालुक्यांना, एकूण किती कोटी. या आकड्यांना महत्त्व आहेच. तरीही त्यांच्या गर्दीत एक प्रश्न मागे राहतो, आणि मदतीचा खरा उपयोग त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. ही मदत कोणत्या महिन्यात पोचली? ऑगस्टच्या उघडिपीत हाती आलेल्या पैशातून वैरण घेता येते आणि दावणीची जोडी वाचते. तेवढेच पैसे मार्चमध्ये आले तर ते उधारी फेडण्यात जातात, आणि जोडी तोवर बाजारात गेलेली असते. दुष्काळी मदतीचे मोल तिच्या तारखेवर ठरते. म्हणून ती तारीख पावसाळ्याआधी ठरलेली, सर्वांना माहीत असलेली आणि कायद्याने बांधलेली असावी, हे माझे आजचे प्रतिपादन आहे. शासनाने काय करावे एवढ्यापुरते ते मर्यादित नाही. शेतकऱ्याने आणि गावाने स्वतः काय करायचे, याचाही विचार याच कसोटीवर करता येतो.

पूर किंवा गारपीट काही तासांत होऊन जाते आणि मागे पंचनामा उरतो. दुष्काळाची चाल वेगळी आहे. मृग कोरडा जातो, पेरणी लांबते, उगवलेले पीक माना टाकते, दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो, भर फुलोऱ्यात पावसाचा खंड पडतो, दिवाळीत विहिरी तळ दाखवतात आणि संक्रांतीनंतर टँकर सुरू होतात. या प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याला एकेक निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यातले बरेच निर्णय मागे फिरवता येत नाहीत. विकलेली गाय त्याच भावात परत येत नाही. शाळेतून काढलेली मुलगी पुन्हा वर्गात बसेल याची खात्री नसते. दुबार पेरणीसाठी दरमहा शेकड्याच्या व्याजाने काढलेले कर्ज पुढची दोन-तीन पिके खाते. महाराष्ट्रातील बहुतांश पेरणीक्षेत्र पावसाच्या भरवशावर असल्याने हे चक्र लाखो घरांत एकाच वेळी फिरते. या घरांना पैसा नेमका कधी लागतो हे ओळखणारी माणसे गावात असतात. खासगी सावकार दुबार पेरणीच्या आठवड्यात पैसे देतो. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधीच उचल घेऊन दारात येतो. त्यांच्या अटी जाचक असतात, पण वेळ ते चुकवत नाहीत. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे. त्यांच्या आधी पोचेल अशी व्यवस्था उभारणे हे खरे काम आहे.

आजची व्यवस्था कधी पोचते, हे 2023 च्या खरिपावरून तपासता येईल. त्या वर्षीचा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरात सरासरीपेक्षा सुमारे 36 टक्के पाऊस कमी पडला. मराठवाड्यात आणि मध्य महाराष्ट्रात सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असताना हा खंड पडला. त्याच महिन्यात प्रत्येक पर्जन्यमापकावर तो दिसत होता. राज्यात दुष्काळ जाहीर झाला 31 ऑक्टोबरला, 40 तालुक्यांत. पुढे नोव्हेंबरात एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. यात कोणा एका अधिकाऱ्याची दिरंगाई शोधण्यात अर्थ नाही, कारण दिरंगाई पद्धतीतच आहे. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट व खंड पाहायचा. मग पेरणीक्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि भूजल तपासायचे. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. आणि खरिपाची घोषणा ऑक्टोबरअखेर करायची. पैसेवारीची जुनी पद्धतही सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशी चालते. दोन्ही पद्धती नुकसान किती झाले हे मोजतात, आणि नुकसान पूर्ण झाल्याशिवाय ते नीट मोजता येत नाही. चाऱ्याचेही तसेच. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पण चारा छावण्यांचा शासननिर्णय निघाला जानेवारी 2019 मध्ये. मधल्या तीन महिन्यांत ज्यांच्याकडे कडबा नव्हता त्यांनी काय केले असेल, हे बाजाराच्या दिवशी ओळीने उभ्या असलेल्या जनावरांवरून कळते.

वेळेचे हे महत्त्व आपल्याला नव्याने शिकायचे आहे असेही नाही. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने 1880 मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. परकीय सत्तेने काटकसरीच्या नजरेने लिहिलेल्या त्या संहितांतही एक शहाणपण होते. धान्याचे भाव चढू लागले, माणसे गावे सोडू लागली, की ती चिन्हे ओळखून चाचणीदाखल कामे काढावीत आणि गरज किती आहे ते लोकांच्या प्रतिसादावरून जोखावे, असा त्यांचा क्रम होता. 1896-97 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी या संहितेतले हक्क मराठीतून गावोगाव समजावून सांगितले. पीक बुडाले तर सारा तहकूब करण्याची तरतूद आहे, काम मागण्याचा अधिकार आहे, हे शेतकऱ्याला कळल्यावर तो अर्ज करू लागला. सरकारला ते इतके खुपले की 1897 मध्ये सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. त्या प्रसंगाचा धडा आजही लागू आहे. नियम कागदावर असून भागत नाही; तो शेतकऱ्याला हंगामात ठाऊक असेल तरच त्याच्या कामी येतो.

1972 च्या दुष्काळाने याच्या पुढचे पाऊल टाकले. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख स्त्री-पुरुष राबत होते. अन्नाची टंचाई मोठी होती, तरी मजुरीमुळे घरात पैसा येत राहिला आणि शंभर वर्षांपूर्वीसारखा मृत्यूचा कहर झाला नाही. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पागे यांच्या योजनेतली मजुरीची रक्कम कधीच भरघोस नव्हती. तिची खरी ताकद मुदतीत होती. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते मिळाले पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागेल. शासनाच्या सवडीच्या जागी मागणाऱ्याच्या अर्जाची तारीख आली. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता मजुराला काम मागता येऊ लागले. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही देणगी आहे, आणि शेतकऱ्याच्या मदतीतही हेच तत्त्व आणावे असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. ऑगस्टमध्ये मदत दिली आणि सप्टेंबरअखेर हस्ताचा पाऊस दमदार झाला, तर दिलेला पैसा वाया गेला असे होईल. असे एखाद्या वर्षी होईलच. परंतु तुलना करताना दोन्ही बाजूंच्या चुका मोजल्या पाहिजेत. लवकर दिलेली मदत क्वचित एखाद्या वर्षी कमी गरजेच्या घरात जाते, तेव्हा तिथे बियाण्याची उधारी फिटते. उशिरा दिलेली मदत दरवर्षी गरजेच्या घरात गरज संपल्यावर पोचते. केनियातला अनुभव इथे उपयोगी आहे. उत्तरेकडील मार्साबिट भागात 2010 पासून पशुपालकांसाठी एक विमा सुरू झाला, ज्यात कुरणांची हिरवाई उपग्रहातून मोजून भरपाई ठरते. सुरुवातीला जनावरांच्या मृत्यूच्या नुकसानीपोटी पैसे देण्याचा हिशेब होता. पुढे तो बदलून, कुरण सुकू लागताच चारा-पाणी-औषधासाठी पैसे द्यायचे ठरले, कारण मेलेल्या जनावराच्या भरपाईपेक्षा जिवंत जनावर राखणे स्वस्त पडते. आपल्याकडे मंडळनिहाय पर्जन्यमापक आहेत, उपग्रहाची माहिती आहे, शेतकऱ्यांची बँक खाती आहेत. साधनांची उणीव नाही. ती वेळेवर वापरण्याचा नियम हवा आहे.

पीकविम्यात असा एक नियम होता. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हंगामातच प्रतिकूल परिस्थिती उद्‌भवली आणि अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या निम्म्याहून कमी दिसले, तर संभाव्य भरपाईच्या 25 टक्के रक्कम अग्रीम देण्याची तरतूद आहे. 2023 मध्ये याच तरतुदीखाली जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढल्या. कंपन्यांनी हरकती घेतल्या, अपिले झाली आणि पैसे दिवाळीच्या तोंडावर मिळू लागले. तरतूद सदोष होती, पण दिशा बरोबर होती. 2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारित ठेवून हंगामातील प्रतिकूलतेची जोखीमही वगळली. बोगस अर्जांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि हप्त्यांचा भार मोठा होता, हे मान्य. परंतु बोगस अर्ज थांबवण्याचा उपाय अर्जांची छाननी हा आहे. त्यासाठी सगळ्या व्यवस्थेतली एकमेव वेळेवरची तरतूद काढून टाकणे मला चुकीचे वाटते. ती परत आणली पाहिजे, आणि हरकतींनाही दिवसांची मर्यादा घातली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की अशी हमी दिली तर शेतकरी पाण्याला जड पिके घेत राहील. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तरही वेळेतच सापडते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या टंचाईचा निर्णय एप्रिलमध्ये झालेला नव्हता. आदल्या हंगामांत मांजरा खोऱ्यात कोणती पिके उभी राहिली आणि किती बोअर खोल गेले, तेव्हाच तो झाला होता. पाण्याचा हिशेब करायची वेळ पावसाळा संपताच, ऑक्टोबरात असते. हिवरे बाजार हे गाव नेमके हेच करते: पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, हे ग्रामसभेत मांडून रब्बीत काय आणि किती पेरायचे ते ठरते, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी पीक बदलते. त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. जमिनीच्या आकाराऐवजी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर पाणी, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा, असे तिचे नियम होते. ज्या गावाने ऑक्टोबरात असा ताळेबंद मांडला आणि पाळला, त्याला पुढच्या वर्षीच्या मदतीत प्राधान्य द्यावे. मग मदत चुकीच्या पिकाला पाठबळ देणार नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात साठवणे मात्र या ताळेबंदात बसत नाही. ते शेजाऱ्याच्या पाझराचे पाणी उन्हात वाळत घालणे आहे.

आता शेतकऱ्याने स्वतः काय करायचे, याकडे वळतो. इथेही प्रत्येक उपायाला त्याचा महिना आहे. बियाण्याची तयारी उन्हाळ्यातच करावी. सोयाबीनचे घरचे बियाणे निवडून, गोणपाटावर उगवण तपासून, शंभरांत सत्तर दाणे उगवत असतील तर ते खुशाल वापरावे. पेरणीचा मोठा खर्च वाचतो. पहिल्या सरीवर पेरणी करू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वाफसा पाहून पेरावे. दुबार पेरणीचे संकट टाळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरले तर सरीत पाणी मुरते आणि जास्त झालेले निघूनही जाते. सलग एकाच पिकाऐवजी तुरीचे आंतरपीक ठेवावे, कारण तूर उशिरापर्यंत जमिनीत खोलवरची ओल शोधते आणि सोयाबीन गेले तरी काही हाती लागते. पाऊस लांबून जुलैचा पहिला पंधरवडा उलटला, तर मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळावे. खंड पडला की कोळपणी करावी. भेगा बुजतात आणि ओल टिकते. पिकावर पोटॅशियम नायट्रेटची एक टक्क्याची फवारणी ताण सोसायला मदत करते. विहिरीत थोडेच पाणी असेल तर फुलोऱ्यात आणि दाणे भरताना एकेक संरक्षित पाणी द्यावे. तेव्हाचे पाणी एरवीच्या पाण्यापेक्षा जास्त पीक देते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात दोन कामे निकडीची असतात. वनराई बंधारा ओढा वाहत असतानाच, सप्टेंबर-ऑक्टोबरात घालावा. रिकाम्या पोत्यांत माती भरून गावाने मिळून केलेल्या या कामाला फार खर्च येत नाही, पण ओढा आटल्यावर त्याचा उपयोगही नसतो. दुसरे काम चाऱ्याचे. हिरवा मका किंवा कडवळ हाती असेल तर त्याचा मूरघास करून ठेवावा, सोयाबीनचे आणि तुरीचे भूस जाळू नये, कडबा कुट्टी करून घालावा म्हणजे नासाडी कमी होते. सगळी जनावरे जगवता येणार नाहीत असे दिसत असेल तर भाव टिकून असताना भाकड जनावरांविषयी निर्णय घ्यावा आणि गाभण व दुभत्या जनावरांसाठी वैरण राखावी. फळबाग असेल तर मोसंबी-डाळिंबाचा बहर धरण्याआधी पाण्याचा हिशेब करावा. पाणी अपुरे असेल तर त्या वर्षी बहर सोडून झाडे जगवावीत, आळ्यांत पाचट-काडीकचऱ्याचे आच्छादन द्यावे आणि हलकी छाटणी करून पानांचा भार कमी करावा. एका वर्षाचे फळ गेले तर भरून निघते, बाग गेली तर अनेक वर्षे जातात. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.

कागदपत्रांचेही पंचांग असते. ई-पीक पाहणी मुदतीत करावी, कारण मदत आणि विमा दोन्ही त्या नोंदीवर पाहिले जातात. वडील वारल्यावर वारस नोंद लांबवू नये. दुष्काळाच्या वर्षी सातबाऱ्यावर नाव नसल्याने सर्वांत आधी विधवा स्त्रीच यादीबाहेर राहते. बटाईने शेती करणाऱ्याने मालकाशी साध्या कागदावर का होईना, मदतीच्या वाटणीचा करार हंगामाआधी करावा. रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. तारखेच्या पोचेशिवाय मागणी सिद्ध होत नाही. पीक कर्जाच्या बाबतीत मार्चअखेर थकबाकीदार होण्याची वाट पाहू नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या भागात कर्जाचे पुनर्गठन करता येते. नुकसान निम्म्याहून अधिक असल्यास फेडीची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढू शकते आणि नवे पीक कर्जही मिळू शकते. त्यासाठी बँकेत वेळेवर लेखी संमती द्यावी लागते. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि चौकशीअंती जमीन परत मिळू शकते.

मनाच्या आधाराविषयी थोडे, पण आग्रहाने सांगतो. आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये देताना ती पात्र की अपात्र हे ठरवण्यासाठी समित्या बसतात. वेळ चुकलेल्या मदतीचे याहून दुःखद उदाहरण नाही. माणूस आधीच काही सांगत असतो: तो बोलेनासा होतो, झोप उडते, लोकांत मिसळत नाही, आपण घरावर ओझे झालो असे म्हणू लागतो. असे दिसले तर घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, आशाताईंनी स्पष्ट विचारावे, सोबत राहावे, एकटे सोडू नये. टेलिमानस या सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. कर्जाला पुनर्गठन आहे, पिकाला पुढचा हंगाम आहे; हे त्या माणसापर्यंत वेळेत पोचवणारे कोणीतरी हवे असते.

शेवटचा आक्षेप: हे सगळे शेतकऱ्याने केले तर शासनाची गरज काय, आणि शासनाने करायचे तर तिजोरीला झेपेल का? पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. कोळपणी आणि मूरघास यांनी एका खंडाला तोंड देता येते, लागोपाठच्या दोन कोरड्या वर्षांना नाही. एकट्याच्या आवाक्यापलीकडची जोखीम वाटून घेण्यासाठीच शासन असते. तिजोरीविषयी असे म्हणता येईल की पैसा आजही जातोच. टँकर, छावण्या, अनुदाने आणि 2008, 2017 व 2019 च्या कर्जमाफ्या, हा सगळा नुकसान झाल्यानंतरचा खर्च आहे. केंद्रीय निकषानुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे एकरी सुमारे 3,400 रुपये मिळतात. ही रक्कम तुटपुंजी आहे आणि वाढवलीच पाहिजे. पण ती वाढेपर्यंतही, यातला काही भाग ऑगस्टमध्ये पोचला तर त्यातून वैरण येईल, फवारणी होईल, सावकाराचे दार टळेल.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. महसूल मंडळात पावसाचा ठरावीक दिवसांचा खंड पडताच पंचनाम्याशिवाय पहिला हप्ता खात्यात जमा व्हावा आणि उरलेला हिशेब हंगामानंतर व्हावा. विम्यातली अग्रीम भरपाई मुदतीसह पुन्हा लागू व्हावी. चारा डेपो ऑक्टोबरातच उघडावेत. आणि प्रत्येक ग्रामसभेत मे महिन्यात हे नियम व त्यांच्या तारखा वाचून दाखवाव्यात, ऑक्टोबरात पाण्याचा ताळेबंद मांडावा. ठरल्या तारखेला मदत आली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हेही त्याच वाचनात गावाला सांगितलेले असावे. पाऊस आपल्या हाती नाही. या तारखा आपल्या हाती आहेत, आणि त्या पाळल्या जातील असे पाहणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.